टोपडं घातलेला वरवंटा

आईनं वरवंट्याला टोपडं घातलं तेव्हा मला हसू आलं, आणि ते तिनं पाहिलं.

"हसतीस कशाला? दात झाक."

वरवंट्याला हनुवटी नसते, त्यामुळे टोपड्याचे बंद कुठं बांधावेत याची तिला पंचाईत झाली होती. शेवटी तिनं ते दगडाच्या पोटाभोवती आवळले, वरून पिवळं दुपटं गुंडाळलं आणि ते गाठोडं खांद्याला लावून अंगणात उभी राहिली. लांबून कुणालाही वाटलं असतं की आजी नातवाला ढेकर काढायला थोपटतेय.

खरा नातू सानिकाच्या खांद्यावर झोपला होता. सानिका माझी भावजय. साखरप्याजवळच्या एका वाडीत तिचं माहेर, तिथंच ती बाळंत झाली, आणि तीन महिने सरल्यावर आम्ही तिला न्यायला कोल्हापूरहून आलो होतो: मी, आई आणि माझा धाकटा भाऊ सयाजी. बाळाचं नाव बारशाला मीच ठेवलं होतं, राजवर्धन. एवढं नाव पेलायला त्याला अजून अवकाश होता, म्हणून सगळे त्याला बाळच म्हणायचे.

आत्यानं कुंची-टोपडं आणायचं असतं. मी मोटारीत बसवायची बाळाची खुर्ची आणली होती. मी बायकांना मोटार शिकवते. शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो, त्यामुळे आता कुणाच्याही शेजारी बसले तरी माझा पाय तिथं नसलेला ब्रेक शोधत असतो. सयाजी म्हणूनच मला शेजारी बसवायला नाखूश असायचा. खुर्ची आणली तेव्हाही तो म्हणाला, "पुढं बसव की, अक्का. बाळ माझ्या नजरेसमोर राहील."

"पुढं एअरबॅग आहे. ती फुटली की बाळाच्या खुर्चीवर घणासारखी बसते. बाळ मागच्या सीटवर, आणि तोंड मागच्या काचेकडं."

"उलटं? ते काय बघणार मग?"

"तुझं ड्रायव्हिंग बघण्यापेक्षा बरं."

आता नव्या कायद्यात लहान मुलांना पट्टा नाहीतर खुर्ची सांगितली आहे आणि दंडही आहे, हे मी त्याला ऐकवलं. त्यानं मान डोलावली. खुर्ची मी घट्ट बसवली, हलवून पाहिली, आणि सानिकाकडून बाळ घ्यायला हात पुढं केले. तेवढ्यात आई तिची पिशवी घेऊन आली. येताना ती पिशवी उचलून माझं मनगट दुखलं होतं, आत काय आहे विचारलं तर म्हणाली होती, लाडू. त्या पिशवीतून तिनं घरचा वरवंटा काढला.

बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा ठेवतात, देवाची नावं घेत तो पाळण्याखालून इकडून तिकडं देतात, हे आपल्याकडं घरोघरी आहे. आईचा नियम याहून कडक होता. कुठलाही कोरा पाळणा असो, त्यात आधी दगड निजला पाहिजे, आणि पाळणा प्रवासाला निघाला असेल तर दगडानं गावची शीव ओलांडली पाहिजे. मग बाळ.

"अगं पण हा पाळणा नाही, खुर्ची आहे," मी म्हटलं.

"बाळ निजतंय नव्हं त्यात? मग पाळणाच."

"मग शिवेपर्यंत बाळ कुठं?"

"माझ्या मांडीवर. तुम्ही दोघं काय खुर्चीत बसून मोठी झालात? एस्टीत, जीपमधी, ट्रकमधी, सगळीकडं मांडीवरच होता की."

"बाळ मांडीवर असेल तर गाडी हलणार नाही."

"आणि दगडाआधी बाळ पाळण्यात गेलं, तर मी हलणार न्हाई." आईचा आवाज एकदम उतरला. "एकदा केलीया ती घाई. परत न्हाई."

मी पुढं केलेले हात मागं घेतले. आमच्या आधी आईला एक मुलगा झाला होता, तो तान्हाच गेला. मामानं कोरा पाळणा आणला आणि घाईघाईत दगड न ठेवताच त्याला त्यात घातलं, एवढं आम्हाला माहीत होतं. त्यापलीकडं कुणी कधी विचारलं नव्हतं.

तोडगा सानिकानंच काढला. ती कमी बोलायची, पण बोलायची ते कामाचं. "शीव जवळच आहे," ती म्हणाली. "वरवंटा गाडीतून जाऊ दे. आपण बाळाला घेऊन चालत जाऊ."

तर तशी वरात निघाली. वरवंट्याला मी खुर्चीत निजवलं, खांद्यावरून आणि कमरेवरून पट्टे घातले आणि बक्कल लावलं. सयाजी एकटाच गाडी चालवत पुढं, अगदी मुंगीच्या पावलानं, आणि मागून आम्ही तिघी. थंडीचे दिवस होते. दवानं रस्ता ओला होता आणि आंब्याच्या बागांत कुणी चिटपाखरू नव्हतं.

खुर्चीचं तोंड मागं होतं, म्हणजे आमच्याकडं. ते निघाल्यावर माझ्या लक्षात आलं. मागच्या काचेतून पिवळं टोपडं दिसत होतं आणि टोपड्यात जिथं चेहरा असायला हवा तिथं काळाभोर गुळगुळीत दगड. गाडी खड्ड्यातून गेली की तो थोडासा हलायचा, मान वळवल्यासारखा. मला वाटलं आपण बघायचं नाही, पण रस्त्यात बघायला दुसरं काही नव्हतं. सानिकानं पदर ओढून बाळाचे डोळे झाकले. बाळ झोपलेलंच होतं.

समोरून डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक म्हातारी आली. तिनं गाडीत डोकावून बघितलं, मग आमच्याकडं आली.

"पोराला एकट्याला गाडीत बसवून तुम्ही चालत गो?"

"पोरगं इकडं आहे," मी म्हटलं.

म्हातारीनं सानिकाच्या खांद्याकडं बघितलं, परत गाडीकडं बघितलं. मग ती रस्त्याच्या अगदी कडेनं निघून गेली.

शिवेवर म्हसोबाचा शेंदरी धोंडा आहे. तिथं गाडी थांबली. आईनं नारळ फोडला, खुर्चीतून वरवंटा काढून घेतला आणि मला म्हणाली, "घाल आता तुझं बाळ तुझ्या खुर्चीत." बाळाला पट्टे लावताना त्यानं एक डोळा उघडून माझ्याकडं बघितलं आणि परत मिटला. माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, संपलं एकदाचं.

"दे तो वरवंटा, डिकीत ठेवते."

"पाळण्यातनं उठवलेला खाली ठेवायचा नसतो. घरी गेल्यावर पाट्यावरच उतरवायचा. तोवर मांडीवर."

"आई, तो दगड आहे. गाडीत मोकळा दगड ठेवतात का कुणी?"

"मोकळा कुठं? माझ्या हातात हाय की." मग तिनं माझ्याकडं वळून बघितलं, आणि मला कळलं की हिनं आता डाव टाकलाय. "हे बघ पद्मा. वजनाला हा बाळाएवढा नसला तरी फार कमी न्हाई. घरापर्यंत मी ह्याला हातातनं सुटू दिला न्हाई, तर उद्यापासनं बाळ माझ्या मांडीवर बसणार आणि तुझी खुर्ची माळ्यावर जाणार. कबूल?"

"कबूल," सयाजी म्हणाला. त्याला लवकर निघायचं होतं.

मी कबूल म्हटलं नाही, पण मला कुणी विचारलंही नाही. सानिकानं फक्त एकदा खुर्चीकडं बघितलं. सासूपुढं ती काही बोलली नसती, आणि उद्यापासून बाळ कुठं बसणार हे ठरवायला मी काही कोल्हापुरात तिच्या घरी राहत नव्हते. मी त्याच गावात दुसऱ्या टोकाला राहायचे. म्हणजे या एका प्रवासावरच सगळं होतं.

माझ्या मागं बाळाची खुर्ची, मधे आई, सयाजीच्या मागं सानिका. मधली जागा आईनं हट्टानं घेतली. तिचा पट्टा मी वाकून स्वतः लावला. तिनं लावू दिला, पण म्हणाली, "मला बांध. माझे हात तेवढे बांधू नको."

घाट सुरू व्हायच्या आधी एक चहाची टपरी लागते. सानिकाला गाडी लागली होती, म्हणून तिथं थांबलो. तिनं आधी गाडीतच बाळाला पाजलं आणि मग तोंडावर पाणी मारायला उतरली. मी उतरणार होते, तेवढ्यात आई म्हणाली, "तू जा चहाला. बाळाला मी ठेवते."

"पट्टे लाव सगळे."

"बघितलंय मी कसं लावतीस ते."

टपरीवाली हौशी होती. आई नंतर उतरून बाकावर बसली, तेव्हा ती कौतुकानं जवळ आली. "किती गुणी हो पोर. एवढी थंडी, पण आवाज नाय." आणि दुपट्याची कड उचलायला तिनं हात पुढं केला.

आई चटकन अंग वळवून बसली. "झोपलाय. जागा करू नकोस."

सयाजीला हसू आवरेना. चहा त्याच्या नाकात गेला. मलाही हसायला हवं होतं. पण त्याच वेळी गाडीतून बाळाच्या रडण्याचा बारीक आवाज आला, आणि आईनं तिकडं मान वळवली नाही. ती मांडीवरच्या गाठोड्याला थोपटू लागली. सानिका धावत गाडीकडं गेली. काचेतून हात घालून तिनं काहीतरी केलं असावं, आवाज थांबला. परत येऊन ती भिंतीला टेकून उभी राहिली, तोंड पांढरंफटक.

"रडत होतं का?" मी विचारलं.

"दुपटं तोंडावर आलं होतं बहुतेक. मला नीट बघवेना हो अक्का, गरगरतंय."

निघालो. घाटात धुकं होतं. आंबा घाटात थंडीत धुकं असतंच, पण असं मी फार कमी वेळा पाहिलंय. दिवसाची वेळ, आणि समोर बोनेटच्या पुढचं काही दिसेना. सयाजीनं दिवे लावले, पिवळे इंडिकेटर लावले, काच थोडी खाली केली. वळणाआधी तो हॉर्न वाजवायचा आणि कान देऊन ऐकायचा. माझा पाय खाली नसलेल्या ब्रेकवर होता. सानिका खिडकीला डोकं टेकून, नाकाला पदर लावून डोळे मिटून बसली होती.

मागून गुणगुण येऊ लागली. आई अंगाई म्हणत होती. आम्हाला लहानपणी तिनं पुष्कळ अंगाया म्हटल्या, पण ही मी कधी ऐकली नव्हती. शब्द कळत नव्हते, चाल तेवढी कळत होती, आणि ती फार सावकाश होती. मी वरच्या आरशात बघितलं. आईनं गाठोडं छातीशी धरलं होतं, त्याच्या तोंडावर वारा लागू नये म्हणून पदराचा आडोसा केला होता.

"आई, काच लावायला सांगू का?"

"हळू बोल," ती म्हणाली. आणि मग, माझ्याशी नव्हे, खाली बघून, "नीज रे बापू."

बापू म्हणजे आमच्या आधीचा तो मुलगा. सर्वपित्रीला आई एक लहानसं पान वेगळं वाढायची, आणि हे कुणाचं विचारलं की म्हणायची, बापूचं. वर्षातून एकदा, पानावर भात वाढताना, एवढंच ते नाव आमच्या घरात उच्चारलं जायचं.

सयाजीनंही ऐकलं असावं. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि लगेच रस्त्याकडं बघितलं.

मग मला ते सुचलं, आणि एकदा सुचल्यावर डोक्यातून जाईना. टपरीवर बाळाला खुर्चीत आईनं ठेवलं होतं. तेव्हा ती गाडीत एकटी होती. पट्टे तिनं लावले, बक्कल तिनं लावलं, आणि तेव्हापासून खुर्चीतलं तोंड आमच्यातल्या कुणीच बघितलं नव्हतं. मी पुढं बसलेली. मागं वळले तर मला खुर्चीची काळी पाठ तेवढी दिसत होती. सानिका चक्कर येऊन डोळे मिटून बसलेली. टपरीवर रडणं ऐकू आलं होतं खरं, पण त्यानंतरही आई गाडीत आमच्या सगळ्यांच्या आधी जाऊन बसली होती. आणि मघापासून खुर्चीतून हूं नाही की चूं नाही. आईच्या मांडीवर एक गाठोडं, खुर्चीत एक गाठोडं. दुपटी दोन्ही पिवळी, एकाच गठ्ठ्यातली.

"आई, बाळ खुर्चीत आहे ना?"

गुणगुण थांबली. "दोघंबी जागच्या जागी हाईत."

"दोघं कोण?"

ती परत थोपटू लागली. थोपटण्याचा आवाज मऊ येत होता. दगडावर थोपटल्याचा असा आवाज येतो का, हे मी ऐकत बसले, आणि मला ठरवता येईना.

"सया, गाडी थांबव."

"इथं? अक्का, डाव्या हाताला दरी आहे. मागून कुणी आलं तर ठोकेल आपल्याला. वरच्या वळणावर जागा आहे, तिथं थांबवतो."

"आत्ता थांबव."

"दिसत नाहीये गं मला काही. बोलू नको."

त्याचं बरोबर होतं. मी शिकवताना हेच सांगते, धुक्यात वळणावर थांबायचं नाही. मी पट्ट्यातून अंग वळवून मागं हात घातला, खुर्चीच्या कडेवरून, आत चाचपडायला. बोटांना दुपटं लागलं. त्याच्या आत काय आहे ते कळेपर्यंत सयाजी म्हणाला, "अरे," आणि मी पुढं बघितलं.

समोरच्या धुक्याचा एक तुकडा दाट होत गेला आणि त्याचा टेम्पो झाला. बंद पडलेला, दिवे नसलेला, मागं दगडसुद्धा लावले नव्हते. सयाजीनं सगळा जीव एकवटून ब्रेक दाबला. मीही दाबला, जमिनीवर. गाडी ओल्या रस्त्यावर घसरत गेली आणि टेम्पोच्या पाठीला जाऊन भिडली. धडक फार मोठी नव्हती. एअरबॅगासुद्धा फुटल्या नाहीत.

पण त्या क्षणी माझ्या उजव्या कानाजवळून काहीतरी पिवळं गेलं. टोपडं मला स्पष्ट दिसलं. त्याच्या कडेची पांढरी लेस दिसली. ते आम्हा दोघांच्या मधून समोरच्या काचेवर जाऊन आदळलं, काचेला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडे गेले, आणि ते खाली पडून डॅशबोर्डच्या कोपऱ्यात, काचेला लागून राहिलं. टोपड्याची माझ्याकडं पाठ होती.

इंजिन बंद पडलं होतं, इंडिकेटरची टकटक तेवढी चालू होती. मी त्या टोपड्याकडं बघत होते आणि माझा हात त्याला लावायला उचलत नव्हता. माझी खात्री झाली होती. मी आजवर कधी एवढी भ्यायले नाही आणि पुन्हा भ्यायची माझी ताकद नाही. सयाजी स्टिअरिंग धरून बसला होता, त्याचे ओठ हलत होते. मागं सानिका म्हणाली, "काय गेलं? आई, काय गेलं ते?"



मी दार उघडलं. गाडीला धरून मी मागच्या दारापर्यंत गेले आणि ते उघडलं. खुर्चीत बाळ होतं. डोळे टक्क उघडे, मूठ तोंडात, आणि छातीवरचे पट्टे जिथल्या तिथं, मी लावले असते त्याहून घट्ट. धक्क्यानं ते खुर्चीच्या पाठीत रुतल्यासारखं झालं असेल, तेवढंच. त्यानं माझ्याकडं बघितलं, मूठ बाहेर काढली आणि भोकाड पसरलं. मी तिथंच, ओल्या रस्त्यावर, मटकन खाली बसले.

आईनं आपला शब्द पाळला होता. टपरीवर तिनं बाळाला खुर्चीतच ठेवलं होतं.

टेम्पोवाला धावत आला, दिवे का नव्हते त्याची कारणं सांगू लागला. सयाजी त्याच्या अंगावर गेला आणि मग मधेच त्याला रडू फुटलं. सानिकानं बाळाला खुर्चीतून काढून घेतलं आणि ती रस्त्याच्या कडेला, कठड्याजवळ जाऊन त्याला पाजत बसली. आई मात्र गाडीतून उतरली नाही. तिचा पट्टा तसाच होता. दोन्ही हात छातीसमोर वाटोळे, काहीतरी धरून ठेवल्यासारखे, आणि हातात काही नाही.

"आई, चल. बाहेर ये."

"मी सोडलं न्हाई, पद्मा."

"माहीत आहे."

"घट्ट धरलं होतं गं. दोन्ही हातांनी. कधी गेलं ते कळलंच न्हाई."

"वरवंटा होता, आई. बाळ तिकडं आहे, बघ, दूध पितंय."

"मला ठाऊक हाय वरवंटा होता." तिनं हात उलटे करून बघितले. "हातांना ठाऊक नव्हतं."

मी तिचा पट्टा काढला, तिला बाहेर आणलं. तिनं पुढचं दार उघडायला लावलं आणि वरवंटा आपण होऊन उचलला. टोपड्याचे बंद सोडले. टोपडं तिनं हळूहळू मागं सारलं, आत काय निघणार ते माहीत नसल्यासारखं. आत दगडच होता. तरी ती बराच वेळ बघत राहिली. मग तिनं तो रस्त्याच्या कडेला गवतात ठेवला. खाली ठेवायचा नसतो, याची तिला कुणी आठवण करून दिली नाही.

थोड्या वेळानं खालून वाटेतली माणसं भरून नेणारी एक वडापची जीप आली. ड्रायव्हर भला माणूस होता. बाळंतिणीला बघून म्हणाला, "ताईला आणि बाळाला पुढं घेतो माझ्याशेजारी. बाळाला मांडीवर घ्या, उबेत बसा, मलकापूरला सोडतो." सयाजी लगेच पिशव्या काढू लागला.

"पट्टे हाईत काय गाडीत?" आईनं विचारलं. "ही खुर्ची बसती काय?"

"पट्टे कशाला, आजी? हळूहळू जातोय की मी."

"आमची पण हळूहळूच होती."

जीप निघून गेली. सयाजीनं कोल्हापुरात मित्राला फोन केला, त्याची मोटार येईपर्यंत थांबायचं ठरलं. आई कठड्यावर माझ्या शेजारी येऊन बसली. धुकं विरळ होत होतं. ती समोर बघत बोलली, आणि तिच्या बोलण्यात रडणं नव्हतं.

"बापूला ताप होता. तुझ्या मामाच्या ट्रकमधनं आणला कोल्हापूरला, माझ्या मांडीवर. वाटेत रडायचा थांबला. मला वाटलं झोप लागली बिचाऱ्याला. सगळ्या वाटेनं मी अंगाई म्हणत होते, थोपटत होते. दवाखान्यात डॉक्टरनं माझ्या हातातनं घेतला, आणि मला विचारलं, बाई, हा कधी गेला? मला सांगता आलं न्हाई."

मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"लोक म्हणाले, कोऱ्या पाळण्यात दगड ठेवला न्हाई म्हणून गेला. मी पण तेच धरून बसले. ते बरं होतं." तिनं पदर खांद्यावर ओढला. "मांडीवर होता माझ्या, आणि मला कळलं न्हाई, हे सांगण्यापेक्षा ते बरं होतं."

सानिका उठून आली. तिला साडी सारखी करायची होती, शाल घ्यायची होती. तिनं नेहमीच्या सवयीनं बाळाला आईपुढं धरलं. "आई, जरा घ्या ना."

आईनं दोन्ही हात पाठीमागं नेले. शाळेत छडी चुकवणारी पोरगी नेते तसे. "पद्माकडं दे," ती म्हणाली.

मी घेतलं. पोट भरून ते गाढ झोपलं होतं, अगदी गप्प, डोकं माझ्या कोपरावर टाकून. आई माझ्याकडं सरकून बसली, त्याच्या तोंडाकडं निरखून बघू लागली, पण हात पाठीमागंच होते.

"ऊब लागतीया का गं हाताला?" तिनं विचारलं.

"लागतेय."

"नीट बघ."

मी त्याच्या पाठीवर तळवा ठेवला. श्वासाबरोबर पाठ वरखाली होत होती. "लागतेय, आई. चांगली गरम आहे."

तिनं मान डोलावली. मोटार येईपर्यंत ती मला थोड्या थोड्या वेळानं हेच विचारत राहिली, आणि मी दर वेळी नीट बघून सांगत राहिले.